पिंपाचा तळ

कारखान्यातला सांडपाण्याचा पंप रोज चालतो की फक्त तपासणीच्या दिवशी, हे ओळखायला यंत्र लागत नाही. मोटारीच्या मागच्या जाळीवर कोळ्याचे जाळे अखंड असेल तर पंप बरेच दिवस बंद आहे. जाळे फाटलेले असेल आणि त्याचे धागे अजून लोंबत असतील, तर आपण फाटकावरच्या वहीत नाव लिहीत असताना कोणीतरी धावत जाऊन बटण दाबले आहे. हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो. शेवटच्या महिन्यापर्यंत ते उपयोगी पडले.

मी प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयात क्षेत्र अधिकारी होतो. नोकरीचा बहुतेक काळ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणि त्यातला बहुतेक वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गेला. त्याआधी रसायनशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षे एका दैनिकाच्या बातमी विभागात काढली होती. तिथे दोन सवयी लागल्या. ज्या शब्दावाचून चालेल तो काढायचा. आणि ज्याची खात्री झालेली नाही ते छापायचे नाही. नव्या खात्यात या दोन्ही सवयींचे कौतुक झाले. माझे शेरे आटोपशीर असत, आणि माझा अहवाल कोर्टात कधी उलटला नाही.

तिसरी सवय खात्यातली. पहिल्याच दिवशी जीपमध्ये माझे वरिष्ठ म्हणाले होते, "पाणी आपलं, चहा आपला. ज्याच्या कपाला ओठ लावला, त्याच्यावर शेरा लिहिताना हात जड होतो." मी त्याच संध्याकाळी थर्मास घेतला. पुढच्या साऱ्या वर्षांत मी एकाही कारखान्यात चहा घेतला नाही. मग कारखाना आणि घर असा फरक करणे अवघड जाऊ लागले. ज्यांच्या घरी जावे ते कुठल्या ना कुठल्या कारखान्यात कामाला असत. तेव्हा तो फरक करणेच सोडून दिले, आणि कोणाच्या घरीही चहा घेईनासा झालो.

लोक आधी आग्रह करत, मग गंमत करत. एका रंगाच्या कारखान्याचा मालक दर वेळी बशी पुढे सरकवायचा. "साहेब, चहा राहू द्या. बिस्किटात कसलं आलंय प्रदूषण?" काही वर्षांनी आग्रह थांबला. मी दिसलो की शिपाई चहाचा ट्रे घेऊन वळायचा. बॉयलर तपासणारे, वीज तपासणारे यांना लग्नाच्या पत्रिका येत. आम्हाला येत नसत. दुपारी जीप रस्त्याकडेच्या लिंबाखाली लावून मी थर्मासचे झाकण भरायचो. चालक पलीकडच्या टपरीवर जायचा. त्याच्यावर बंधन नव्हते. माझी पत्नी परभणीला शिक्षिका होती, मुली तिच्याजवळ होत्या. मी गारखेड्यात एका खोलीत राहायचो. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढचा प्रसंग कळायला ते लागेल.

घातक कचरा म्हटले की लोकांना धूर, लाल पाणी, नाकाला रुमाल आठवतो. त्यातला बराचसा कचरा दिसायला अगदी साळसूद असतो. उदाहरणार्थ, रिकामे पिंप. कारखान्यात रसायन निळ्या प्लास्टिकच्या दोनशे लिटरच्या पिंपातून येते. रसायन वापरले की पिंप रिकामे झाले असे आपण म्हणतो, पण ते रिकामे नसते. तळाला ओंजळभर उरते आणि थोडे प्लास्टिकमध्ये मुरते. म्हणून नियमाने ते पिंपसुद्धा घातक कचरा ठरते. ते तीनदा धुवायचे, धुवण सांडपाण्याच्या प्रक्रियेला द्यायचे, पिंपाला भोक पाडायचे, मग परवाना असलेल्या माणसालाच द्यायचे. काही रसायनांची पिंपे धुऊनही चालत नाहीत. ती जाळायच्या भट्टीकडे पाठवायची असतात.

नियम असा आहे. शहर असे आहे की त्या काळी आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येई. त्यामुळे दारापुढे पिंप नाही असे घर गरीब वस्तीत सापडत नसे. आमच्या भागात त्याला टिपाड म्हणतात. नवे टिपाड कोणी घेत नसे. वाळूजची वापरलेली टिपाडे शहरात येत, आणि ती विकणारे ठरावीक लोक होते.

मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे गफूरभाईंचे आवार होते. साठीचे गृहस्थ, दाढीला मेंदी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. ते वाळूजहून टेम्पोने टिपाडे आणत. अरुंद तोंडाचा वरचा भाग करवतीने कापून काढत, साबणाच्या पाण्याने आतून घासत, उन्हात पालथी घालत आणि हातगाडीवर दोन-दोन घेऊन गल्ल्यांतून विकत. मी त्यांना दोनदा नोटीस दिली होती. नोटीस त्यांनी घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली होती.

"साब, इसमें क्या लिखा है?" त्यांनी विचारले होते.

"परवान्याशिवाय हा धंदा करता येणार नाही, असं लिहिलंय."

"और लोगां पानी काहे में भरना, वो लिखा है क्या?"

ते लिहिलेले नव्हते.

एके दिवशी एका वर्तमानपत्रात छायाचित्र आले. एक बाई टिपाडातून हंडा बुडवून पाणी घेते आहे आणि टिपाडावर कवटीची खूण असलेले लेबल स्पष्ट दिसते आहे. छायाचित्र उत्तम होते. मी बातमी विभागात काम केलेले असल्याने, ते पान लावताना तिथे किती समाधान झाले असेल याची कल्पना मला होती. आमच्या वरिष्ठांना फोन आले. त्यांनी मला बोलावून सांगितले, की असला फोटो पुन्हा दिसता कामा नये. पुढच्या आठवड्यात सगळ्या कारखान्यांच्या तपासणी वहीत शेरा घाला.

तपासणी वही प्रत्येक कारखान्यात असते. शेऱ्यासाठी चार-पाच ओळींची जागा असते. पहिल्या कारखान्यात मी पूर्ण लिहिले: पिंपे तीनदा धुवावीत, भोक पाडावे, लेबल काढावे, परवानाधारकासच द्यावीत, न धुता येणारी भट्टीकडे पाठवावीत. तिसऱ्या कारखान्यापर्यंत हे वाक्य मला लांब वाटू लागले. धुणे आणि भोक पाडणे नियमातच आहे, ते पुन्हा कशाला? चौथ्या कारखान्यात मी लिहिले: 'लेबल असलेले कोणतेही पिंप आवाराबाहेर जाऊ देऊ नये.' वाक्य नेमके होते. तेच मी पुढे सगळीकडे लिहिले.

काही महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, वाळूजच्या एका कीटकनाशकाच्या कारखान्यातून जोशींचा फोन आला. जोशी तिथे पर्यावरणाचे काम पाहत. चाळिशीचा, सरळ, थोडा घाबरट माणूस.

"साहेब, एक चूक झालीय. आमच्याकडची एकतीस पिंपं भट्टीकडे जायची होती. ती भंगारात गेली."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. स्टोअरवाल्यांनी लेबलं काढून टाकली होती ना, मग भंगारवाल्यानं बाकीच्यांबरोबर उचलली. कोणती कुठली ओळखूच येईनात."

"लेबलं कुणी काढायला सांगितली?"

त्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "साहेब, तुमचा शेरा आहे वहीत."

मी जाऊन शेरा पाहिला. अक्षर माझेच होते. स्टोअरवाल्यांनी शेऱ्याचे तंतोतंत पालन केले होते. लेबल असलेले एकही पिंप बाहेर गेले नव्हते.

त्या रसायनाचे नाव इथे देत नाही, कारण त्याने वाचकाला काही मिळणार नाही. तेलकट द्रव. वास जवळजवळ नाही. कातडीतून आत जातो, प्लास्टिकमध्ये मुरतो आणि साबणाने निघत नाही. पाण्यात हळूहळू उतरत राहतो. थोडा गेला तर काय होते, याबद्दल पुस्तकात दोन ओळी होत्या. त्यातली एक गर्भवती स्त्रियांबद्दल होती.

गफूरभाईंच्या आवारात एकोणीस पिंपे मिळाली. बारा विकली गेली होती. ती ओळखायची कशी, हा प्रश्न आवारातच आला होता. तो जोशींनी सोडवला. पिंप बनवणारा कारखाना साच्यातच तळावर बाहेरून एक लहान घड्याळ उमटवतो: वर्तुळात एक ते बारा आकडे, मध्ये बाण. बाण ज्या आकड्याकडे त्या महिन्यात पिंप तयार झालेले असते. आमची सगळी पिंपे एकाच खेपेची होती. बाण सातवर आणि शेजारी त्रिकोण. वरच्या भागावरही खुणा असतात, पण तो भाग गफूरभाईंनी कापलेला होता. खूण आता फक्त तळाखाली होती.

भरलेल्या पिंपाचा तळ दिसत नाही. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. ते ओतून दिल्याशिवाय पिंप हलत नाही. पण पाणी तिसऱ्या हिश्शावर आले की एका माणसाने पिंप कलते धरावे आणि दुसऱ्याने खाली आरसा सरकवावा, पाणी सांडत नाही. त्या भागात नळ गुरुवारी पहाटे येणार होता. म्हणजे बुधवारी संध्याकाळपर्यंत टिपाडे तळाला गेलेली असतील, आणि गुरुवारी सकाळी काठोकाठ भरलेली असतील. हाती दोन दिवस होते. मी खोलीवरून दाढीचा आरसा आणला.

"कुणाला विकली, आठवतं का?" मी गफूरभाईंना विचारले.

"नाम नै मालूम साब. गल्ली मालूम, दरवाजा मालूम. बाई लोगां ने कितना भाव किया, वो भी मालूम."

त्यांनी खरोखरच त्यांच्या हातगाडीचा त्या आठवड्याचा सगळा रस्ता आठवला. अडचण एवढीच होती, की त्याच फेऱ्यांत त्यांनी दुसऱ्या खेपांची, निर्धोक टिपाडेही विकली होती. जवळपास चाळीस दारे पाहावी लागणार होती. बारा कोणती, हे तळच सांगणार होता.

मंगळवारी दुपारी पहिल्याच गल्लीत गफूरभाईंनी दारात उभे राहून सांगून टाकले, "आपा, इसका पानी नक्को वापरो, जहर है इसमें." त्या बाईने आम्ही आरसा काढायच्या आत टिपाड मोरीत पालथे केले. तळ पाहिला. बाण चारवर होता. टिपाड निर्धोक होते, पाणी गेले होते. शेजारची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सरकारी मानूस आला न् दोन दिसाचं पानी मोरीत घालवून गेला. आता धुनं काय आरशात धुवावं का?" पाचेक मिनिटांत गल्लीत आणखी दोघींनी पाणी ओतले. त्यातलेही एकही आमचे नव्हते.

मी गफूरभाईंना बाजूला घेऊन सांगितले, की यापुढे खूण दिसेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. टिपाड गळके निघाले आहे का ते पाहतो, एवढेच सांगायचे. खात्री झाली की मी सांगेन.

"और जिसके घर में सच्ची निकला तो?"

"मग सांगू. दोन मिनिटांचा प्रश्न असतो."

ते नाराजीने पुढच्या दाराकडे वळले. ही पद्धत चांगली चालली. बुधवारी दुपारपर्यंत दहा पिंपे मिळाली. बहुतेकांत पाणी नव्हतेच. एकात ज्वारी होती, दोनांत सिमेंटचे काम चालले होते, एकात गोधड्या. ज्यांत पाणी होते ते वापरायचे होते, प्यायचे नव्हते. प्यायचे पाणी लोक हंड्यात वेगळे भरतात. बदली पिंप द्यायची सोय जोशींनी कारखान्याकडून केली होती, त्यामुळे भांडण झाले नाही. गल्लीतल्या मुली आरशासाठी मागे फिरत होत्या.

चारच्या सुमाराला आम्ही मंदाबाईंच्या दारात आलो. बाई पंचेचाळीस-पन्नाशीच्या. लासूर स्टेशनजवळच्या गावच्या. शेती दिरांकडे, नवरा वाळूजला एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, पहाटेच्या बसने जाणारा. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत टिपाड. घरात त्यांची मुलगी सविता होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना.

"या, गफूरभाई," मंदाबाई म्हणाल्या. "टिपाड देऊन आठ दिस नाय झाले, लगेच परत न्यायला आलात व्हय?"

"नै आपा. साब कू जरा नीचे से देखना है. गळता क्या."

"खालून? वरून बगा की. कसं गुळगुळीत हाय. खालून काय सोनं लागलंय का त्याला?" त्या हसल्या. "बसा सायेब. सवे, ती चटई टाक. उनाचे आलेत, चहा टाकते आधी."

मी चहा घेत नाही, असे म्हणालो. ते त्यांनी ऐकले नाही. कोणीच ऐकत नाही. हंडा वाकवून त्यांनी आत पाहिले, रिकामा होता. चौथा दिवस होता. मग त्यांनी पडवीत येऊन टिपाडातून तांब्या बुडवला.

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली: नाही.

माझ्या मनातला हिशोब असा होता. चाळीस दारांपैकी बरीच पाहून झाली होती. राहिलेल्या सात-आठ दारांत दोन पिंपे होती. म्हणजे हे ते नसण्याचीच शक्यता जास्त. चहाला उकळी यायच्या आत आरसा घालून होईल. खूण दिसली तर चहा ओतून देता येईल. मी उठलो आणि गफूरभाईंना टिपाड कलते करायला सांगितले. टिपाड भिंतीच्या कोपऱ्यात, दगडाच्या ओट्यावर बसवलेले होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाट्याचा दगड. पाट्याचा दगड काढायला वेळ लागला. तेवढ्यात चहा आला.

तीन कप होते. एक गफूरभाईंनी घेतला. एक मंदाबाईंनी माझ्यापुढे धरला. मी हात जोडून म्हणालो, "खरंच घेत नाही. ड्युटीवर असताना कुठंच घेत नाही."

"आमच्या घरचा चालत नाय का काय?"

"तसं नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग कप सविताकडे वळवला. "घे गं तू. सायेब पेत नायत. टाकून कसं द्यावं, पानी हाय ते." तिसरा कप त्यांचा होता.

सविताने कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायली. मंदाबाई प्यायल्या. गफूरभाई कप हातात धरून उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते. मी पाहत होतो टिपाडाकडे. मग त्यांनीही चहा एका दमात पिऊन टाकला आणि कप खाली ठेवला.

आम्ही टिपाड कलते केले. मी गुडघ्यावर बसून आरसा तळाखाली सरकवला. बाण सातवर होता. शेजारी त्रिकोण होता.

मी उभा राहून त्यांना सांगितले. नेहमीच्या शब्दांत, जसे आधीच्या दहा घरांत सांगितले होते: या पिंपात पूर्वी रसायन होते, यातले पाणी वापरू नये, बदली पिंप मिळेल.

"पिलं तर?" मंदाबाईंनी विचारले.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो.

"आत्ता पिलो ना आमी," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले. "तुमाला ठावं व्हतं."

"नक्की माहीत नव्हतं."

"म्हनून तुमी पिले नाय व्हय."

"नाही, मी कुठंच..."

त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. त्या गफूरभाईंकडे वळल्या होत्या. "तुमाला बी ठावं व्हतं?"

"हौ आपा. शक था."

"मंग तुमी का पिलात?"

गफूरभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "टिपाड मैंच लाया ना तुमकू. और आप ने बनाई थी. मैं कैसे नक्को बोलना?"

जीप गल्लीच्या तोंडाशी होती. सविता आणि मंदाबाईंना घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. गफूरभाई पुढे बसले. त्यांनी स्वतःला तपासून घ्यायला नकार दिला. वाटेत सविताने मागून विचारले, "काका, लेकराला काय होईल का?"

"एकच कप होता," मी म्हणालो.

हे उत्तर नव्हते, पण चुकीचेही नव्हते. डॉक्टरांनीही साधारण तेच सांगितले. मात्रा फार कमी, उतारा असा काही नाही, लक्ष ठेवू. दोन रात्री ठेवून घरी सोडले.

मंदाबाईंच्या टिपाडातले पाणी गटारात सोडता येत नव्हते. तेही आता नियमाने घातक कचरा होते. मी संध्याकाळी परत जाऊन ते कॅनमध्ये भरले, तोंडे लाखेने बंद केली, पावती लिहिली. त्यांचा नवरा कामावरून आला होता. त्याने पावतीवर सही केली आणि विचारले, "पान्याची पावती देतेत का सरकार?" त्याला अजून कोणी काही सांगितलेले नव्हते, हे माझ्या लक्षात आले. मी सांगितले. तो आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

बारावे पिंप सहा वाजता एका बांधकामावर मिळाले. गुरुवारी पहाटे नळ आला, तेव्हा त्या खेपेचे एकही टिपाड वस्तीत उरलेले नव्हते. माझ्या अहवालाचा शेवट असा आहे: 'सर्व पिंपे ताब्यात. कोणासही इजा झाल्याची नोंद नाही.' ही दोन्ही वाक्ये आजही खरी आहेत. वरिष्ठांनी मला प्रशंसेचे पत्र दिले. वर्तमानपत्रात काही आले नाही.

कारखान्याला नोटीस गेली. त्यांनी उत्तरासोबत माझ्या शेऱ्याची प्रत जोडली. वरिष्ठ म्हणाले, नियम स्पष्ट असताना शेऱ्याचा अर्थ असा कोणी काढत नाही. ती प्रत फाइलमध्ये मीच लावली, पान क्रमांक घातला. पुढे त्यावर कोणी काही लिहिले नाही. जोशींना मात्र तीन महिन्यांत राजीनामा द्यावा लागला, कारण फोन त्यांनी केला होता. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत कोणत्याही कारखान्यातून, चूक झालीय असे सांगणारा एकही फोन आला नाही.

माझे शेरे त्यानंतर लांब झाले. तरुण सहकारी हसत. जागा पुरत नसे, तेव्हा मी वेगळा कागद जोडायचो. नव्या मुलांना मी कोळ्याचे जाळे आणि तळावरचे घड्याळ शिकवले. लेबल राहिले असते तर टिपाड घेणाऱ्या बाईला निदान कवटी दिसली असती, हेही सांगितले. चहाचे मी कोणाला सांगितले नाही.

सविताला मुलगी झाली. वजन कमी होते, असे गफूरभाईंकडून कळले. कमी वजनाची कारणे अनेक असतात आणि आमच्या भागात ती सगळी असतात. त्या एका कपाचा त्यात काही वाटा होता का, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. मी विचारून पाहिले आहे.

निवृत्तीनंतर मी परभणीला जायचे ठरवले. पत्नीही निवृत्त झाली होती. सामान टेम्पोने पुढे गेले. परभणीकडची पॅसेंजर मुकुंदवाडीला थांबते. तिथूनच बसू म्हणून मी तिकडे गेलो. गाडीला वेळ होता. मंदाबाईंचे घर पायी दहा मिनिटांवर होते. त्या घटनेला नऊ वर्षे झाली होती, आणि मी मधल्या काळात त्या गल्लीत गेलो नव्हतो.

पडवीवर आता स्लॅब होता, त्यावर काळी टाकी. मंदाबाई गहू निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखले.

"या सायेब. बसा." त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. "आज आरसा नाय आनला?"

"निवृत्त झालो. गावाकडं चाललोय."

"चांगलं झालं."

"नात कशी आहे?"

"हाय की. तिकडं सासरी, सवीपाशी. साळंत जाती. डोस्क्यानं हुशार हाय. अंगानं जरा बारीक, बस."

"काही त्रास वगैरे?"

"कशाचा?" त्यांनी सुपातून नजर वर केली. मी पडवीच्या त्या कोपऱ्याकडे पाहिले. त्यांनी पुन्हा गव्हात बोटे घातली. "नाय. तरास काय नाय."

मग नवऱ्याचे सांगितले. तोही आता घरीच होता, बाजारात गेला होता. लासूरकडच्या शेताच्या वाटण्या झाल्या होत्या. मी गफूरभाईंची चौकशी केली.

"येतेत की जाता-येता. गुडघे गेले, टिपाडं इकनं सोडलं. पर आले की चहा पिऊन जातेत. घोटभर का व्हईना."

एक खडा सापडला, तो त्यांनी पडवीबाहेर फेकला. मी बराच वेळ बसलो. थर्मास सामानाबरोबर टेम्पोत गेला होता. आतल्या खोलीत ओट्यावर पातेले पालथे घातलेले दिसत होते.

"गाडी कितीची हाय?"

"पावणेपाचची."

"लई येळ हाय अजून." त्यांनी सूप पाखडले, कोंडा उडाला. "चहा टाकला असता, सायेब. पर तुमी पेत नाय."

"हो," मी म्हणालो.

गाडीला अजून पन्नास मिनिटे होती.